यंत्रहात, द्रव नायट्रोजन आणि असोद्यातून चालवलेली बीमलाइन

गिरणाकाठची (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका चर्चेत कोणी तरी विचारले होते की, प्रथिनांच्या स्फटिकांवर क्ष-किरणांचे प्रयोग करणारी मंडळी आता घरी बसून प्रयोग करतात म्हणे, मग प्रयोगशाळेत ती करतात तरी काय? प्रश्नात चेष्टा होती, परंतु उत्तर चार ओळींत मावणारे नव्हते, म्हणून हा वेगळा धागा. माझे घर जळगावजवळ असोद्याला आणि संशोधनाचे शिक्षण पुण्यात झाले. गेली काही वर्षे मी हेच काम करीत आहे.

प्रथिनाची रचना पाहायची असेल, तर ते अत्यंत शुद्ध करून क्षार आणि पॉलिमर यांच्या द्रावणात सावकाश घट्ट होऊ द्यावे लागते, आणि नशिबाने साथ दिली तर त्या थेंबात स्फटिक वाढतो. हा स्फटिक बहुधा २० ते २०० मायक्रॉनांचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या आगेमागे असतो. त्याचा जवळपास निम्मा भाग पाणीच असते, त्यामुळे तो खडीसाखरेसारखा टणक नसतो, खरवसासारखा हळवा असतो. क्ष-किरणांच्या प्रखर झोतात असा स्फटिक लवकर नासतो. म्हणून त्याला नायलॉनच्या बारीक फासात, ज्याला आम्ही लूप म्हणतो, अलगद उचलायचे, ग्लिसरॉलसारख्या संरक्षक द्रवातून काढायचे आणि क्षणार्धात उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचे. पुढे मोजणी चालू असतानाही त्याच्यावर साधारण उणे १७३ अंशांचा थंड वायू सतत सोडलेला असतो.

असा गोठवलेला लूप मोजणीच्या जागी नेऊन बसवणे हे पूर्वी पूर्णपणे हाताचे काम होते. हे सारे सिंक्रोट्रॉनवर चालते, म्हणजे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेगाने वर्तुळात फिरवून प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर. त्यातून निघालेला झोत जेथे वापरतात ती जागा म्हणजे बीमलाइन, आणि तिचा हच म्हणजे किरण बाहेर पडू न देणारी शिशाची खोली. प्रत्येक नमुन्यासाठी झोत अडवायचा, दार उघडून आत जायचे, थंड केलेल्या चिमट्याने पिन (जिच्या टोकाला लूप असतो) उचलून गोनिओमीटरच्या, म्हणजे स्फटिक झोतात फिरवणाऱ्या यंत्राच्या, चुंबकावर ठेवायची, आत कोणी राहिले नाही याची खात्री करीत ठरलेल्या क्रमाने बटणे दाबत बाहेर यायचे, दार लावायचे आणि मग झोत सोडायचा. यात पाच-सात मिनिटे सहज जात. सिंक्रोट्रॉनवरचा वेळ आठ-आठ तासांच्या पाळ्यांनी मिळतो आणि तो रात्रीचाही असतो. पहाटे तीन वाजता चाळिसावी पिन बसवताना हात किती स्थिर राहतो, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. एवढासा स्फटिक थंड झोताबाहेर पाव सेकंद जास्त राहिला तरी महिनोन् महिन्यांची मेहनत वाया जाते.

तरीही बराच काळ कोणाची फारशी तक्रार नव्हती, कारण जुन्या सीसीडी डिटेक्टरवर, म्हणजे क्ष-किरणांची चित्रे टिपणाऱ्या उपकरणावर, एका नमुन्याच्या मोजणीलाच एवढा वेळ लागे की त्यापुढे पिन बदलण्याची पाच मिनिटे खुपत नसत. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनवर या शतकाच्या आरंभीच यंत्रहात बसला होता आणि त्याच्या एका कॅसेटमध्ये ९६ नमुने मावत. परंतु अनेकांना ती हौस वाटे. २००७ मध्ये स्विस लाइट सोर्सवर पिलाटस ६एम हा डिटेक्टर आला आणि गणितच पालटले. आज सेकंदाला १०० चित्रे घेणे ही मामुली गोष्ट आहे. दर चित्रामागे स्फटिक ०.१ अंश फिरवला तर पूर्ण फेरीची ३,६०० चित्रे ३६ सेकंदांत होतात. मोजणीला ३६ सेकंद आणि पिन बदलायला पाच मिनिटे, हा हिशेब आमच्या गावातील दुकानदारालाही पटणार नाही.

आता यंत्रहाताविषयी, आणि येथेच बहुतेकांचा समज चुकतो. हात स्वतः फार बुद्धिमान नसतो. खरी करामत त्याच्या आधी झाली, ती पिन, पक (पिना ठेवायची चकती) आणि त्यांची मापे सर्वांनी एकसारखी मान्य करण्यात. युरोपातील स्पाइन या प्रकल्पात तळापासून लूपपर्यंतची लांबी २२ मिलिमीटर अशी ठरली आणि पिनेच्या तळाला चौकोनी ठिपक्यांचे सांकेतिक चिन्ह कोरले जाऊ लागले. युनिपक नावाच्या गोल चकतीत अशा १६ पिना बसतात आणि एका ड्राय शिपरमध्ये सात पक, म्हणजे ११२ स्फटिक. ड्राय शिपर म्हणजे आतल्या सच्छिद्र थरात नायट्रोजन शोषून धरणारे, सांडण्याची भीती नसलेले भांडे. जगभरात कोठेही गोठवलेली पिन अशा रीतीने दुसऱ्या देशातील हाताला न चाचपडता सापडते. हात पकातून पिन उचलतो, थंडाव्यातच ती चुंबकावर ठेवतो, कॅमेरा लूप शोधतो, लूपमध्ये स्फटिक नेमका कोठे आहे हे क्षीण झोताने चौकट-चौकट तपासून ठरवले जाते आणि मोजणी सुरू होते.

आता घरी बसून चालवण्याची गोष्ट. एका उन्हाळ्यात मी असोद्याला होते आणि आमचे पक फ्रान्समध्ये ग्रेनोबलला पोहोचले होते. तेथील सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडील दुपारचा एक. संध्याकाळी सातच्या सुमारास, आपल्याकडे म्हणतात तशी, लाइन गेली. मोबाइलचे नेटवर्कही त्याच वेळी गेले. ३१ नमुने रांगेत होते. पन्नास मिनिटांनी परत जोडणी झाली तेव्हा रांग पुढे सरकलेली होती, कारण काम तेथील संगणकावर चालले होते, माझ्या लॅपटॉपवर नव्हे. तीन नमुने मात्र गेले. दोन पिनांवर बर्फ साचला होता आणि तिसरा लूप रिकामाच होता. यांपैकी एकही चूक यंत्रहाताची नव्हती. तीनही माझ्या हातून पुण्यात, गोठवण्याच्या टेबलावर झालेल्या होत्या.

या कामाशी संबंध आलेल्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

पशुवैद्य, यावल

ताई, आपल्या विषयातील प्रथिन मला समजत नाही, परंतु द्रव नायट्रोजन चांगला समजतो. गेली एकवीस वर्षे मोटारसायकलला कंटेनर बांधून यावल आणि रावेर तालुक्यांत कृत्रिम रेतनासाठी फिरतो आहे. आपण लिहिलेले जवळजवळ प्रत्येक वाक्य आम्हालाही शिकवलेले असते. स्ट्रॉ (वीर्याची नळी) काढताना कॅनिस्टर, म्हणजे स्ट्रॉ ठेवलेला डबा, कंटेनरच्या गळ्याच्या वर आणायचा नाही, काही सेकंदांत स्ट्रॉ चिमट्याने उचलायची, जमले नाही तर कॅनिस्टर परत खाली सोडून पुन्हा प्रयत्न करायचा. उचललेली स्ट्रॉ मग ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट. नवीन मुले स्ट्रॉ शोधत बसतात, तोवर वरच्या स्ट्रॉ अर्धवट तापून पुन्हा थंड होतात आणि पुढे गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की दोष वळूला देतात.

माझा प्रश्न असा की, आमच्याकडे पावसाळ्यात कंटेनरच्या तोंडाशी बर्फाचा भुगा साचतो आणि तो आत पडतो. तुमच्या यंत्रहाताला याचा त्रास होत नाही काय?

गिरणाकाठची

डॉक्टरसाहेब, होतो, आणि सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. हात दर फेरीला नायट्रोजनमध्ये बुडतो आणि वर येतो; वर आला की हवेतील बाष्प त्याच्या बोटांवर गोठते आणि पुढच्या बुडीत तो बर्फ भांड्यात जातो. म्हणून बहुतेक ठिकाणी बोटे कोरडी करण्याची वेगळी जागा असते, जेथे गरम कोरडा वायू फुंकून बर्फ घालवतात आणि मगच पुन्हा बुडवतात. भांड्यातील नायट्रोजनही ठरावीक काळाने पूर्ण काढून, भांडे सुकवून, नव्याने भरावा लागतो. बर्फाचा कण पिनेच्या तळाशी अडकला तर पिन चुंबकावर सरळ बसत नाही, आणि स्फटिकावर चिकटला तर चित्रांमध्ये ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधील अंतरे मोजण्याचे एकक) जागी गडद कडी उमटतात. ही तीन कडी दिसली की आमच्या विषयातील माणूस कपाळावर हात मारतो.

स्ट्रॉ अर्धवट तापून पुन्हा थंड होण्याविषयी आपण लिहिले, ते आम्हालाही लागू आहे. झटकन गोठवलेले पाणी काचेसारखे, विस्कळीत अवस्थेत राहते. साधारण उणे १३७ अंशांच्या वर ते गेले की त्याचे खऱ्या बर्फात रूपांतर होऊ लागते, आणि पुन्हा कितीही थंड केले तरी ते पूर्ववत होत नाही.

सहाअक्ष

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप आणि चटयांच्या कारखान्यांतील स्वयंचलनाची कामे करतो. बीमलाइनवरील अशा यंत्रहातांची चित्रे पाहिली. त्यातील अनेक हात म्हणजे वाहनांच्या कारखान्यात दिसणारेच सहा अक्षांचे औद्योगिक हात आहेत, फक्त बोटे वेगळी. त्यामुळे 'हात बुद्धिमान नसतो' या विधानाशी पूर्ण सहमत. आमच्याकडेही फिक्श्चर (वस्तू जागेवर धरणारी पकड) पक्के असेल तर साधा हात दहा वर्षे बिनतक्रार चालतो, आणि फिक्श्चर ढिले असेल तर कितीही महाग हात आणा, रोज कोणी तरी येऊन पॉइंट (हाताने जायच्या जागा) पुन्हा शिकवत बसतो.

दोन शंका आहेत. पहिली, अशा हाताची अचूकता फार तर मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते आणि तुमचा स्फटिक कधी २० मायक्रॉनांचा, म्हणजे त्याच मापाचा. मग नेम कसा लागतो? दुसरी, १०० मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा तुकडा खोलीच्या तापमानावरून द्रव नायट्रोजनच्या तापमानाला नेला तर सुमारे ०.४ मिलिमीटरने आखडतो. पॉइंट गरम असताना शिकवतात की थंड असताना?

गिरणाकाठची

पहिल्या शंकेचे उत्तर असे की, नेम हाताने लावायचाच नसतो. त्याने पिन फक्त चुंबकावर ठेवायची. चुंबक तिला ओढून जागेवर बसवतो आणि पिन खरोखर बसली की नाही हे तेथील संवेदक सांगतो. त्यापुढील मायक्रॉनांचा खेळ गोनिओमीटरच्या मोटारी आणि कॅमेरा मिळून करतात. काम असे वाटून दिले म्हणूनच कारखान्यातील हात येथे चालला.

दुसरी शंका ऐकून आनंद झाला, कारण ती सहसा कोणी विचारत नाही. पॉइंट थंड अवस्थेतच तपासावे लागतात. बोटे आधी नायट्रोजनमध्ये पुरेशी थंड होऊ देतात, उकळी शांत झाली की मगच पकाकडे पाठवतात. स्टॅनफर्डच्या मंडळींनी हाताच्या मनगटाला बलमापक बसवून तो स्वतःच आपल्या जागा चाचपून ठरवील अशी सोय केली होती, हेही आपल्याला रुचेल.

पांझरेपलीकडे

धुळ्याहून लिहितो. थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने २०२० मध्ये प्रथिनांच्या रचना केवळ अमिनो आम्लांच्या क्रमावरून वर्तवून दाखवल्या आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा त्या कामाला मिळाला. मोठ्या रेणूंसाठी आता क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन (गोठवलेले रेणू इलेक्ट्रॉनांनी पाहण्याचे तंत्र) आहे. मग कोट्यवधी रुपये खर्चून पिना उचलणारे हात बसवणे म्हणजे रेल्वे आल्यानंतर बैलगाडीला बेअरिंग बसवण्यासारखे नाही काय?

गिरणाकाठची

राग मुळीच नाही, परंतु बैलगाडी कोणती आणि तिच्यात माल कोणता हे पाहावे लागेल. एका प्रथिनाची रचना एकदा शोधायची, हे आता आमच्या कामाचे मुख्य स्वरूप राहिलेले नाही. १९५८ मध्ये केन्ड्र्यू यांनी मायोग्लोबिनची पहिली ढोबळ रचना दाखवली तेव्हा ती एक रचना हेच अनेक वर्षांचे फळ होते. १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या, आणि २०२३ च्या जानेवारीत तो आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. या वाढीत पिना उचलणाऱ्या हातांचा मोठा वाटा आहे.

आज खरी गर्दी असते ती एकाच प्रथिनाच्या शेकडो स्फटिकांची. प्रत्येक स्फटिकात वेगळा लहान रेणू मुरवायचा आणि त्यांतला कोणता रेणू प्रथिनाच्या कोणत्या खाचेत, कोणत्या बाजूने बसला हे पाहायचे. औषध शोधण्याची ही पहिली पायरी. इंग्लंडमधील डायमंड लाइट सोर्सच्या आय०४-१ या बीमलाइनला जोडून यासाठी वेगळी व्यवस्था आहे. तेथे ध्वनिलहरींनी २.५ नॅनोलिटरचे थेंब उडवून रेणू स्फटिकांच्या थेंबांत सोडतात. २०२० मध्ये करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएजवर (प्रथिने कापणाऱ्या विकरावर) तेथे हजाराहून अधिक लहान रेणू तपासले गेले आणि त्यांतून सत्तरहून अधिक चिकटणारे रेणू सापडले. जेथे दहातील नऊ नमुन्यांचे उत्तर 'काही नाही' असे येणार हे आधीच माहीत असते, तेथे माणसाला दार उघडत-लावत बसवणे हा अन्याय आहे. अल्फाफोल्डचे अंदाज आम्ही रोज वापरतो, परंतु नवा रेणू त्या खाचेत नेमका कसा वळला आणि त्यासाठी प्रथिनाने आपली कोणती साखळी बाजूला सरकवली, हे अंदाजावर सोडून औषध बनवायला कोणी धजत नाही.

निवृत्त शिक्षक, अमळनेर

इंदूर येथे राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहे आणि त्यावर प्रथिन-स्फटिकांसाठी बीमलाइनही आहे. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा ओलांडले की इंदूर. इतके जवळ असताना फ्रान्सला भांडी पाठवण्याचे प्रयोजन काय? आमच्या महाविद्यालयाची मुले मी एकदा तेथे नेली होती, म्हणून विचारतो.

गिरणाकाठची

सर, प्रयोजन झोताच्या तीव्रतेचे आणि वेळेचे आहे. इंडस-२ ची ऊर्जा २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि परीघ १७२.५ मीटर, ग्रेनोबलच्या यंत्राची ऊर्जा ६ आणि परीघ ८४४ मीटर. इंदूरची प्रथिन-स्फटिकांची बीमलाइन इलेक्ट्रॉनांची वाट वाकवणाऱ्या चुंबकावर आहे, ग्रेनोबलच्या बहुतेक अंड्युलेटरवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांना नागमोडी नेऊन कितीतरी प्रखर झोत देणाऱ्या चुंबकांच्या रांगेवर. स्फटिक चांगला मोठा असेल तर इंदूरला उत्तम काम होते. २० मायक्रॉनांचा, रुसलेला स्फटिक असेल तर ग्रेनोबल. भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ग्रेनोबलच्या बीएम१४ या बीमलाइनच्या भागीदारीत पैसा घातला, तेव्हापासून आपल्याकडील शेकडो विद्यार्थ्यांना ती वाट मिळाली.

परंतु आपण मुलांना इंदूरला नेले हे फार चांगले केले. ज्याने एकदाही हचचे दार स्वतः लावले नाही, त्याला पडद्यावरची रांग हा संगणकावरचा खेळ वाटू लागतो. आता काही ठिकाणी, उदाहरणार्थ ग्रेनोबलच्या मॅसिफ-१ वर, वापरणाऱ्याने पडद्यासमोर बसण्याचीही गरज उरलेली नाही. पक पाठवा, हात, कॅमेरा आणि आज्ञावली मिळून सर्व ठरवतात, तुम्हाला मोजणीचे निकाल मिळतात. सोय मोठी आहे. मात्र अशा ठिकाणाहून सोळापैकी चौदा नमुने वाईट आले तर ते का वाईट आले हे ओळखण्याची नजर कोठून आणायची, याची मला काळजी वाटते.

लॅमिनार

मी केळीच्या उतिसंवर्धन प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे माध्यम शिजवणे, बाटल्या भरणे, खोल्यांचे तापमान, सगळे यंत्रावर गेले. परंतु जी-नाइन या केळीच्या वाणाचा कोंब चिमट्यात धरून सुरीने नेमका कापणे आजही लॅमिनारसमोर (निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर) बसलेल्या बायकाच करतात. तुमच्याकडे थेंबातून स्फटिक उचलणे हे काम त्याच जातीचे वाटते. ते यंत्राने होत नाही काय?

गिरणाकाठची

ताई, आपण दुखऱ्या जागीच बोट ठेवले. थेंब टाकणे यंत्राने होते: ९६ खळग्यांची थाळी, १०० नॅनोलिटरचे थेंब, थाळी काही मिनिटांत तयार. थाळ्यांचे कपाट स्वतःच ठरावीक दिवशी प्रत्येक थेंबाचे छायाचित्र काढते. पिन बसवणे यंत्राने होते. या दोहोंमधील एक पायरी, सूक्ष्मदर्शकाखाली थेंबात लूप घालून स्फटिक उचलणे, अजून बहुतांश ठिकाणी माणूसच करतो. डायमंडच्या ज्या व्यवस्थेविषयी वर लिहिले, तेथेही सरकत्या टेबलाने थाळी पुढे-मागे होते, नोंदी संगणक ठेवतो, पण लूप धरलेला हात माणसाचा असतो.

कारण थेंब एकसारखे नसतात. एकात स्फटिक तळाला चिकटलेला, दुसऱ्यात वर साय धरलेली, तिसऱ्यात पाच स्फटिक एकमेकांत अडकलेले. आणि हे सगळे करताना थेंब सुकत असतो. ग्रेनोबल येथे युरोपीय आण्विक जीवशास्त्र प्रयोगशाळेने यावर वेगळी युक्ती काढली: स्फटिक अतिशय पातळ पापुद्र्यावर वाढवायचा आणि उचलण्याऐवजी लेसरने त्याच्याभोवतीचा पापुद्राच कापून पिनेला चिकटवायचा. स्फटिकाला कोणी शिवतच नाही. दुसरी वाट म्हणजे स्फटिक उचलायचाच नाही, गोठवायचाही नाही. अख्खी थाळीच झोतासमोर धरायची. डायमंडची व्हीएमएक्सआय ही बीमलाइन त्यासाठीच आहे. त्यात खोलीच्या तापमानाची मोजणी मिळते, पण नासाडी लवकर होते म्हणून अनेक स्फटिकांतील थोडी-थोडी चित्रे जोडावी लागतात. या दोन्ही वाटा चांगल्या आहेत, तरी माझ्यासारख्या बहुसंख्य लोकांचे काम आजही लूपवरच चालते, आणि तो हात तयार व्हायला एक पावसाळा तरी जातो.

पशुवैद्य, यावल

मग हात तयार करण्यासाठी पुण्याला जाण्याची काय गरज? माझ्याकडे ३ लिटरचा जुना कंटेनर पडून आहे. अमळनेरच्या सरांच्या मुलांना चालत असेल तर देतो. व्हॅक्यूम शाबूत आहे की नाही एवढे मात्र सांगता येणार नाही.

निवृत्त शिक्षक, अमळनेर

अवश्य चालेल. मी यावलला येऊन घेऊन जातो. काय-काय लागेल ते गिरणाकाठच्या ताईंनी सांगावे.

गिरणाकाठची

डॉक्टरसाहेब, व्हॅक्यूम तपासणे सोपे आहे. कंटेनर भरून, झाकण नुसते ठेवून, काट्यावर वजन घ्यावे आणि २४ तासांनी पुन्हा घ्यावे. ८०० ग्रॅम घट म्हणजे साधारण एक लिटर नायट्रोजन उडाला. दिवसाला शे-दोनशे ग्रॅमच्या आसपास घट असेल तर भांडे उत्तम. बाहेरून गळ्याला घाम किंवा बर्फ धरत असेल तर वजन करण्याचीही गरज नाही, ते भांडे गेले.

सर, मुलांना प्रथिन स्वतः शुद्ध करावे लागणार नाही. अंड्यातील लायसोझाइमची पूड मिठाच्या आणि व्हिनेगरमधील आम्लाच्या द्रावणात ठेवली की बहुधा दुसऱ्या दिवशी स्फटिक दिसतात. सरावासाठी लूप, चिमटे आणि थर्माकोलचा जाड डबा एवढे पुरे. खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात, कारण एक लिटर द्रवाचे जवळपास ७०० लिटर वायूत रूपांतर होते आणि तो प्राणवायूला बाजूला सारतो. झाकण कधीही घट्ट लावू नये. आणखी एक: माझा ड्राय शिपर एकदा मालवाहतूक करणाऱ्यांनी आडवा ठेवून आणला आणि सातही पक कोमट होऊन पोहोचले, म्हणून यावल ते अमळनेर कंटेनर गाडीत उभाच बांधावा. मी गणपतीत असोद्याला येणार आहे. येताना वापरून झालेल्या २० पिना आणि एक युनिपक घेऊन येते.

सहाअक्ष

पक दोन दिवस माझ्याकडे द्यावा. मापे घेऊन कारखान्यातील लेथवर अॅल्युमिनियमचे आणखी दोन करून देतो, चुंबकासह.